किडनी प्रत्यारोपणानंतर ‘कॅन्सर होतोच’? फिरत्या संदेशाला उत्तर

गोव्यात आमच्या फोंडा भागातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मराठी संदेश फिरतो आहे. देवस्थानच्या ग्रुपवर आला, भजनी मंडळाच्या ग्रुपवर आला, शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर तर दोनदा आला. मजकूर थोडक्यात असा: ‘किडनी बदलून घेणाऱ्यांनो सावधान! किडनी बदलली की कॅन्सर होतोच, धोका ३०० टक्के. डॉक्टर आणि औषध कंपन्या हे लपवून ठेवतात. कॅन्सर किडनीमुळे नाही, गोळ्यांमुळे होतो. वर्षभरानंतर गोळ्या बंद करा. त्यापेक्षा डायलिसिसवर राहिलेलं परवडलं. देणाऱ्याच्या किडनीतूनही कॅन्सर येतो. गुळवेल घ्या, प्रतिकारशक्ती वाढवा.’ खाली ‘मुंबईच्या नामांकित डॉक्टरांचा सल्ला’ अशी सही. डॉक्टर नामांकित, पण नाव काही दिलेलं नाही.

मी औषधविक्रेता आहे, डॉक्टर नव्हे. पण प्रत्यारोपण झालेली बरीच मंडळी महिन्याच्या गोळ्या न्यायला माझ्याकडे येतात. शरीराने परकी किडनी नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या या गोळ्या. हा संदेश वाचून त्यांच्यापैकी काही जण गोळ्या कमी करायचं बोलू लागले, म्हणून लिहायला बसलो. नुसती थाप असती तर सोडून दिलं असतं. या संदेशात एक गोष्ट खरी आहे आणि तिच्याच आधाराने बाकीचं खपतं आहे.

‘कॅन्सर होतोच, धोका ३०० टक्के’

खरी गोष्ट ती हीच. प्रत्यारोपणानंतर कॅन्सरचा धोका वाढतो. अमेरिकेत १९८७ ते २००८ या काळातल्या १,७५,७३२ अवयव प्रत्यारोपणांची नोंद तपासून २०११ साली एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात निम्म्याहून जास्त प्रत्यारोपणं किडनीची होती. सर्वसाधारण लोकांच्या तुलनेत या रुग्णांत कॅन्सरचं प्रमाण २.१ पट निघालं. त्याआधी २००६ साली ऑस्ट्रेलियातल्या २८,८५५ किडनीरुग्णांचा अभ्यास झाला होता, त्यात प्रत्यारोपणानंतरचा आकडा ३.२७ पट होता. संदेशातले ‘३०० टक्के’ अशाच कुठल्यातरी आकड्यावरून उचललेले दिसतात.

तीन पट खरं, पण कशाच्या तीन पट? भारतात वर्षाला लाख लोकांमागे साधारण १०० जणांना नव्याने कॅन्सर होतो, म्हणजे हजारात एक. त्याचे तीन पट म्हणजे हजारात तीन. उरलेल्या ९९७ जणांना त्या वर्षी कॅन्सर होत नाही. ‘होतोच’ हा शब्द इथेच गळून पडतो. अर्थात हा सरसकट सगळ्या वयांचा हिशेब झाला. वय वाढतं तसा मूळ आकडा वाढतो, आणि कॅन्सर एका वर्षापुरता नसतो, वर्षांची बेरीज होत जाते. म्हणून साठीतल्या माणसाने ‘हजारात तीन’ म्हणून निर्धास्त राहू नये. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडच्या नोंदींवरून २००७ साली हीच गोष्ट वेगळ्या रीतीने मांडली गेली आणि मला ती जास्त पटते: प्रत्यारोपण झालेल्या माणसाचा कॅन्सरचा धोका त्याच्यापेक्षा २० ते ३० वर्षांनी मोठ्या असलेल्या सर्वसामान्य माणसाइतका असतो. तिशीतल्या मुलाने पन्नाशी-साठीतल्या माणसासारखी तपासणी करून घ्यावी, इतका त्याचा अर्थ. तिशीतला मुलगा मरणाच्या दारात उभा आहे, असा नव्हे.

दुसरं म्हणजे ‘कॅन्सर’ हा एक आजार नाही, आणि सगळे कॅन्सर सारखे वाढत नाहीत. सर्वांत जास्त वाढतात ते विषाणूंशी नातं असलेले. लिम्फोमा म्हणजे लसिका ग्रंथींचा कॅन्सर, त्यातला बराचसा एप्स्टाइन-बार नावाच्या विषाणूमुळे. गर्भाशयमुखाचा, गुदद्वाराचा, घशाचा काही प्रमाणात, हे एचपीव्ही या विषाणूमुळे. यकृताचा, हिपॅटायटिस बी आणि सीमुळे. कापोसी सार्कोमा नावाचा कॅन्सर, एचएचव्ही-८ या विषाणूमुळे. याउलट स्तनाचा आणि प्रोस्टेटचा कॅन्सर, जे लोकांना सर्वांत आधी आठवतात, ते प्रत्यारोपणानंतर जवळपास वाढतच नाहीत. २००७ सालीच ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एचआयव्ही झालेले रुग्ण आणि प्रत्यारोपण झालेले रुग्ण यांची तुलना छापून आली. दोन्ही गटांची राहणी वेगळी, वयं वेगळी, औषधं वेगळी. समान एकच, दबलेली प्रतिकारशक्ती. आणि वाढलेल्या कॅन्सरांची यादी दोन्हीकडे बरीचशी तीच निघाली. मुळाशी काय आहे ते यावरून कळतं: ज्या विषाणूंना शरीर एरवी मुठीत ठेवतं, त्यांच्यावरची पकड सैल होते.

त्वचेच्या कॅन्सरबद्दल संदेशात ‘शंभर पट’ असं वेगळं म्हटलं आहे. असे आकडे गोऱ्या कातडीच्या लोकांवरच्या अभ्यासांतून येतात, ऑस्ट्रेलिया आणि उत्तर युरोपातल्या. आपल्या कातडीतलं मेलॅनिन उन्हापासून बरंच वाचवतं, आणि भारतीय रुग्णांत प्रत्यारोपणानंतरचा त्वचेचा कॅन्सर त्या मानाने फारच कमी दिसतो. तरी कुळागरात, शेतात, रापणीवर किंवा दिवसभर स्कूटरवर असणाऱ्याने लांब बाह्या, टोपी आणि सनस्क्रीन वापरावं. विशेषतः अझाथायोप्रिन ही प्रतिकारशक्ती दाबणारी गोळी चालू असेल तर, कारण त्या औषधाने त्वचा उन्हाला जास्त हळवी होते.

‘डॉक्टर आणि कंपन्या लपवतात’

हा मुद्दा वाचून मी टॅक्रोलिमस या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधाच्या खोक्यातली घडीची चिठ्ठी काउंटरवर उलगडली. पातळ, कांद्याच्या सालीसारखा कागद, अक्षर इतकं बारीक की चष्मा कपाळावरून नाकावर आणावा लागतो. पण छापलेलं आहे: प्रतिकारशक्ती दाबल्यामुळे जंतुसंसर्ग आणि लिम्फोमासह इतर कॅन्सर होऊ शकतात. अमेरिकेत तर हा इशारा औषधाच्या माहितीपत्रकात सर्वांत वर, काळ्या चौकटीत छापावा लागतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने सायक्लोस्पोरिन आणि अझाथायोप्रिन या दोन औषधांना माणसात कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं, त्याला कित्येक वर्षं झाली. डॉ. इस्रायल पेन यांनी अमेरिकेत डेन्व्हरला प्रत्यारोपणानंतरच्या कॅन्सरांची नोंदवही सुरू केली ती १९६८ साली, आणि पुढच्याच वर्षी त्यांनी आणि सहकाऱ्यांनी किडनीच्या रुग्णांतले लिम्फोमा छापून जगापुढे ठेवले. पन्नासहून अधिक वर्षं जे उघडपणे छापलं जातं आहे त्याला लपवणं म्हणत नाहीत.

हां, एक तक्रार रास्त आहे. शस्त्रक्रियेच्या आधी सही घेतात त्या संमतीपत्रात हे सगळं लिहिलेलं असतं, पण ते इंग्रजीत, आणि सही घेण्याची वेळ अशी की घरचा माणूस पानं उलटण्याच्या मनःस्थितीत नसतो. कोणीतरी शांतपणे बसून मराठीत किंवा कोंकणीत समजावलं असतं, तर अशा संदेशांना गिऱ्हाईक मिळालं नसतं.

‘वर्षभरानंतर गोळ्या बंद करा’

संपूर्ण संदेशात जीव घेणारं वाक्य हे. बाकीच्या वाक्यांनी गैरसमज होईल. या वाक्याने किडनी जाईल.

गेल्या आठवड्यात शिरोड्याकडच्या एक बाई आल्या. मुलाला त्यांनीच किडनी दिली आहे. चिठ्ठी पुढे केली आणि हळूच म्हणाल्या, “भाऊ, ह्या खेपेक टॅक्रोच्या अर्ध्याच द्या. कॅन्सर होतो म्हणे त्याने. खरं काय?” मी विचारलं, मुलगा काय म्हणतो? “त्याला बरंच वाटतं गोळ्या चुकल्या तर. हात थरथरायचे थांबतात.”

हे शेवटचं वाक्य फार महत्त्वाचं आहे, म्हणून त्यावर थांबतो. टॅक्रोलिमसने बऱ्याच जणांचे हात बारीक थरथरतात, चहाचा कप बशीत खडखडतो. मायकोफेनोलेटने पोट बिघडतं, जुलाब होतात. प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडने चेहरा सुजतो, साखर वाढते. गोळ्या सोडल्या की चार-आठ दिवसांत थरथर कमी होते, पोट शांत होतं आणि माणसाला वाटतं, बघा, गोळ्यांचीच बाधा होती. त्याच दिवसांत शरीराने नवी किडनी परकी म्हणून ओळखायला सुरुवात केलेली असते, आणि त्याची जाणीव आतून काहीच होत नाही. दुखत नाही, ताप येईलच असं नाही. क्रिएटिनिन (किडनीने गाळून टाकायचा रक्तातला कचरा) वाढलेलं रक्ततपासणीतच दिसतं. लघवी कमी होऊन पाय सुजेपर्यंत बराच उशीर झालेला असतो. शिवाय एकदा अशा रीतीने किडनी गेली की रक्तात तिच्याविरुद्धची अँटीबॉडी तयार होऊन बसते, आणि दुसऱ्या वेळी जुळणारी किडनी मिळणं आणखी कठीण होतं. वर्षानुवर्षं चाललेलं प्रेडनिसोलोन एकदम तोडणं तर स्वतंत्रपणे धोक्याचं, कारण तोवर शरीराने स्वतःचं स्टेरॉइड बनवणं मंद केलेलं असतं.

‘पण वर्षभरानंतर शरीराला सवय होत असेल ना?’ हा प्रश्न मला दोघातिघांनी विचारला. नाही होत. २३ डिसेंबर १९५४ रोजी बोस्टनला डॉ. जोसेफ मरे यांनी केलेलं पहिलं यशस्वी किडनी प्रत्यारोपण गोळ्यांशिवाय टिकलं, कारण देणारा आणि घेणारा एकसारखे जुळे भाऊ होते. शरीराला ती किडनी परकी वाटायचं कारणच नव्हतं. एकसारखं जुळं भावंड ज्याला आहे तो सोडला, तर इतरांना, आईची किडनी असली तरी, किडनी चालू आहे तोवर गोळ्या लागतात.

मग गोळ्यांचा आणि कॅन्सरचा संबंध नाही का? आहे, आणि म्हणूनच डॉक्टर मात्रा मोजून मापून देतात. पहिल्या काही महिन्यांत जास्त, नंतर उतरवत उतरवत कमीत कमी जितक्यावर किडनी टिकते तितकी. त्यासाठीच ती टॅक्रोची ‘लेव्हल’, म्हणजे रक्तातलं टॅक्रोलिमसचं प्रमाण, तपासायला सांगतात. लेव्हलचं रक्त सकाळची गोळी घेण्याच्या आधी द्यायचं असतं, गोळी सोबत न्यायची आणि रक्त दिल्यावर घ्यायची. घरून गोळी खाऊन गेलात तर आकडा फुगलेला येतो आणि डॉक्टर नको तितकी मात्रा कमी करतात. कंपनी बदलली तरी लेव्हल हलू शकते, म्हणून नेहमीची कंपनी नसेल तर मी दुसरी तशीच हातात ठेवत नाही, आधी डॉक्टरांना फोन करायला लावतो. त्यावर काही लोक रागावतात. रागावू देत.

कॅन्सर झालाच तर डॉक्टर गोळ्यांत फेरफार करतात. लिम्फोमात पहिला उपाय बहुतेक वेळा हाच असतो: प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं कमी करणं, मग गरजेप्रमाणे रिटुक्सिमॅबसारखी कॅन्सरवरची औषधं. काही वेळा टॅक्रोलिमसऐवजी सिरोलिमस देतात. सिरोलिमसबद्दल एकेकाळी मोठी आशा होती, कारण त्यावर असलेल्या रुग्णांत कॅन्सर कमी दिसला. पण २०१४ साली अनेक चाचण्यांचे आकडे एकत्र करून पाहिले तेव्हा कॅन्सर कमी आणि मृत्यू मात्र जास्त, असं चित्र निघालं. तेव्हा ते सरसकट सगळ्यांना देत नाहीत, निवडक रुग्णांना देतात. तज्ज्ञ माणसं इतकं तोलूनमापून चालतात आणि संदेश लिहिणारा ‘बंद करा’ म्हणून मोकळा होतो. अर्ध्या हळकुंडाने पिवळं होणं म्हणतात ते हेच.

आणि बंद केल्याने कॅन्सरचा धोका तरी पुसला जातो का? ऑस्ट्रेलियात ज्यांची किडनी निकामी झाली आणि गोळ्या थांबल्या त्यांचा पाठपुरावा केला गेला. लिम्फोमा आणि ओठाच्या कॅन्सरसारख्या काही प्रकारांचा धोका खाली आला. फुप्फुसाच्या कॅन्सरसारख्या काहींचा आला नाही. म्हणजे किडनी गमावूनही हिशेब पुरता फिटत नाही.

‘डायलिसिसवर राहिलेलं परवडलं’

कोणाला परवडलं? आठवड्यातून तीनदा, दर खेपेला चार-चार तास सुईला बांधलेला माणूस असं म्हणणार नाही. गोव्यात सरकारी इस्पितळांत डायलिसिस मोफत मिळतं ही मोठी सोय आहे, तिचं मोल मी कमी करत नाही. पण डायलिसिस किडनीचं सगळं काम करत नाही, थोडंच करतं.

कॅन्सरपुरतं बोलायचं तर त्याच २००६ च्या ऑस्ट्रेलियन अभ्यासात डायलिसिसवरच्या रुग्णांतही कॅन्सरचं प्रमाण १.३५ पट होतं. म्हणजे डायलिसिस हा कॅन्सरपासूनचा आडोसा नाही. वर्षानुवर्षं डायलिसिसवर राहिलेल्यांच्या आकसलेल्या किडन्यांत पाण्याच्या गाठी होतात आणि त्यातून किडनीचा कॅन्सर उद्भवू शकतो. इथे बऱ्याच जणांना ठाऊक नसलेली गोष्ट: प्रत्यारोपणात जुन्या किडन्या सहसा काढतच नाहीत. नवी किडनी ओटीपोटात एका बाजूला बसवतात, जुन्या पाठीकडे आपल्या जागी राहतात. प्रत्यारोपणानंतर आढळणारे किडनीचे कॅन्सर बहुतेक या जुन्या किडन्यांतले असतात. डायलिसिसची वर्षं जितकी जास्त, तितकी त्यांची शक्यता जास्त. ‘थांबा, डायलिसिसवरच राहा’ या सल्ल्याने उलट तेच वाढतं.

पण खरा प्रश्न कॅन्सरचा नाहीच, जगण्याचा आहे. १९९९ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये अमेरिकेतल्या २,२८,५५२ डायलिसिस रुग्णांचा अभ्यास आला. त्याची खुबी ही की प्रत्यारोपण झालेल्यांची तुलना संशोधकांनी सगळ्या डायलिसिस रुग्णांशी न करता प्रतीक्षायादीतल्या रुग्णांशी केली, म्हणजे प्रत्यारोपणाला योग्य ठरलेल्या, त्या मानाने धडधाकट लोकांशी. नाहीतर ‘मुळात बरे होते तेच निवडले’ हा आक्षेप राहतोच. निकाल असा: प्रतीक्षायादीत वर्षाला शंभरामागे ६.३ मृत्यू, प्रत्यारोपण झालेल्यांत ३.८. शस्त्रक्रियेनंतरचे पहिले दोन आठवडे धोका जास्त, आणि तो बराच जास्त; पण काही महिन्यांत पारडं फिरतं आणि लांब पल्ल्यात मृत्यूचं प्रमाण गटागटाप्रमाणे ४८ ते ८२ टक्के कमी. अमेरिकेचे आकडे आपल्याला जसेच्या तसे लागू होत नाहीत, आपल्याकडे जंतुसंसर्ग जास्त हे धरूनही दिशा तीच राहते.

आणि लक्षात घ्या, त्या ३.८ मध्ये कॅन्सरने गेलेले धरलेले आहेत. प्रत्यारोपणानंतर जितके कॅन्सर व्हायचे तितके होऊन, त्यातले मृत्यू मोजून, तरीही आकडा खाली आहे. कॅन्सरची भीती घालून डायलिसिसवर परत पाठवणं म्हणजे आगीतून फुफाट्यात.

काणकोणात किडनीच्या विकारांनी किती घरं वर्षानुवर्षं त्रासलेली आहेत हे गोव्यात कोणाला सांगायला नको. तिथल्या एखाद्या घरात हा संदेश काय करेल याचा विचार ‘फॉरवर्ड’ दाबणाऱ्याने केलेला नसतो.

‘देणाऱ्याच्या किडनीतून कॅन्सर येतो’

येऊ शकतो. क्वचित. ब्रिटनमध्ये २००१ ते २०१० या दहा वर्षांतली ३०,७६५ प्रत्यारोपणं तपासली, तेव्हा दात्याकडून आलेला कॅन्सर १५ जणांत सापडला. दोन हजारांत एक. म्हणून तर दात्याच्या इतक्या तपासण्या होतात, आणि ‘आणखी किती रक्त काढणार’ म्हणून घरचे वैतागतात.

जुन्या काळी एक विलक्षण घटना घडली. फुप्फुसाचा कॅन्सर असलेल्या दात्याची किडनी एका रुग्णाला बसवली गेली, आणि कॅन्सर किडनीबरोबर आला. डॉक्टरांनी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं थांबवली. रुग्णाच्या शरीराने किडनी नाकारली आणि तिच्याबरोबर तो परका कॅन्सरही. १९६८ साली हे छापून आलं. ‘गोळ्या बंद केल्या की कॅन्सर जातो’ ही अफवा असल्या एखाद्या गोष्टीच्या सांगोवांगीतून निघाली असेल तर आश्चर्य नाही. पण तिथे कॅन्सर दुसऱ्याच्या पेशींचा होता म्हणून शरीराने तो बाहेर काढला, आणि किंमत किडनीने मोजली. रुग्णाच्या स्वतःच्या पेशींत झालेल्या कॅन्सरला हे गणित लावता येत नाही.

किडनी देणाऱ्याला पुढे कॅन्सर होतो, असंही संदेशात एका ओळीत घुसडलं आहे. त्याला आधार नाही. दात्याने रक्तदाब आणि लघवीतलं प्रथिन दरवर्षी तपासावं, एवढं खरं.

अवयवदानाचा केंद्रीय कायदा १९९४ चा. तो सुरुवातीला ज्या तीन राज्यांत लागू झाला त्यांत महाराष्ट्र आणि हिमाचल प्रदेशाबरोबर आपला गोवा होता. इतक्या लवकर कायदा येऊनही दात्यांची वानवा आहेच, त्यात ही भीती कोणी पेरावी?

‘गुळवेल घ्या, प्रतिकारशक्ती वाढवा’

प्रत्यारोपणाच्या रुग्णाला प्रतिकारशक्ती वाढवायला सांगणं म्हणजे ज्या कारणासाठी तो रोज दोन वेळा गोळ्या घेतो त्याच्या नेमकं उलट करणं. गुळवेल खरोखरच प्रतिकारशक्तीला चेतवत असेल, तर ती त्याच्या किडनीवर उठेल. नसेल, तर घेण्यात अर्थ नाही. शिवाय कोविडच्या काळात काढे पिणाऱ्यांत यकृताला इजा झालेले रुग्ण मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ साली नोंदवले, त्यांत गुळवेलीचा संबंध दिसला. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, वाद झाला. तो वाद सुटेपर्यंत स्वतःच्या यकृतावर प्रयोग कशाला?

स्वयंपाकातली हळद, आलं, लसूण यांना कोणी मनाई करत नाही. अर्क, कॅप्सूल, काढा, ‘इम्युनिटी बूस्टर’ म्हणून विकतात ते मात्र नको. आणि पपनस. चवथीला गणपतीवरच्या माटोळीला, म्हणजे फळांच्या चौकटीला, टांगतात ते. ग्रेपफ्रूटप्रमाणेच पपनसातले काही घटक आतड्यातलं टॅक्रोलिमस मोडणारं एन्झाइम अडवतात आणि रक्तातली लेव्हल अचानक चढते. माटोळीला खुशाल टांगा. प्रत्यारोपण झालेल्याने खाऊ नये.

संदेशात जे असायला हवं होतं

इतका मोठा संदेश लिहिला, पण धोका कमी कसा करायचा याबद्दल त्यात अक्षर नाही. तंबाखूचं नाव नाही. २०१६-१७ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात गोव्यात तंबाखू वापरणारे प्रौढ ९.७ टक्के होते, देशातल्या सर्वांत कमी प्रमाणांपैकी एक. पण जो वापरतो त्याला तोंडाचा आणि फुप्फुसाचा कॅन्सर सरासरी बघून होत नाही. प्रत्यारोपणानंतर तंबाखू, विडी, सिगारेट चालू ठेवणारा माणूस धोक्यावर धोका चढवतो. महिन्यातून एकदा आरशासमोर उजेडात तोंड उघडून गालांच्या आत, जिभेखाली बघावं. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम असेल तर दाखवावी.

बायकांनी पॅप तपासणी (गर्भाशयमुखाच्या पेशींची) नियमित करावी, एचपीव्हीमुळे त्यांचा धोका जास्त. एचपीव्हीची लस प्रत्यारोपणाच्या आधी घेता आली तर उत्तम. हिपॅटायटिस बीची लस डायलिसिसवर असतानाच पूर्ण करावी, नंतर शरीर लसीला नीट दाद देत नाही. मानेत, काखेत, जांघेत न दुखणारी गाठ, कारण नसताना उतरणारं वजन, रोज संध्याकाळी येणारा ताप, लघवीतून रक्त, वाढत जाणारा चामखीळ, यांतलं काहीही असेल तर पुढच्या तारखेची वाट न पाहता जावं. आधी कधी कॅन्सर होऊन बरा झालेला असेल तर प्रत्यारोपण कायमचं बंद होत नाही. कॅन्सरच्या प्रकाराप्रमाणे काही वर्षं थांबायला सांगतात, काहींत थांबावंही लागत नाही.

संदेश वाचून कोणी गोळ्या आधीच सोडल्या असतील, तर राहिलेल्या सगळ्या एकदम घेऊ नयेत. जिथे प्रत्यारोपण झालं तिथे, मग ती बांबोळीची गोमेकॉ (गोवा मेडिकल कॉलेज) असो की बेळगाव-मुंबईचं इस्पितळ, आजच फोन करून किती दिवस चुकल्या ते खरं खरं सांगावं. ते रागावतील, पण क्रिएटिनिन आणि लेव्हल लगेच करून घेतील आणि कुठल्या मात्रेपासून परत सुरू करायचं ते सांगतील. सुट्टी असेल तर तातडीच्या विभागात जावं. जाताना गोळ्यांच्या पट्ट्या सोबत न्याव्यात, रिकाम्या झालेल्याही.